गळक्या पेटीचं पाणी

दादा, तू गेल्यावरच्या तुझ्या जलदानविधीला पाणी कुठलं घ्यायचं, यावरून तुझ्या घरात भांडण झालं. तू असतास तर खूश झाला असतास. पाण्यावरून भांडायला तुला कधी कंटाळा आला नाही.

सुबोध म्हणाला, "आत्या, जार मागवलेत की. त्यातलंच एक तांब्याभर घेऊ." तुझ्या पोराचं काही चुकलं नाही. जालन्याहून कारखान्यातली पाळी अर्धी टाकून आलेला, आल्यापासून मंडप, सतरंज्या, बौद्धाचार्यांना निरोप, सगळं एकटाच बघत होता. मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या तिथूनच म्हणाल्या, "जारचं न्हाई. त्यांच्या पेटीचं पाणी पाहिजे."

बसलेल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मीसुद्धा बघत राहिले. कारण तुझ्या पेटीचं नाव काढलं की भांडी आपटणारी बाई ती हीच. आणि दुसरं असं की पेटी चालू होतीच कुठे? सोमवारी दुपारी जेवून तू गच्चीवर गेलास, काच उतरवून भिंतीला टेकवलीस, कडेचं रबर सोलून काढलंस, खाली येऊन "जरा पडतो" म्हणालास आणि पडलास तो पडलासच. पेटी वर तशीच उघडी, पोट फाडल्यासारखी.

आता मी सगळं पहिल्यापासून बोलणार आहे. तुला माहीत असलेलंही सांगणार आहे. ऐकून घे. "बेबी, मुद्द्याचं बोल" म्हणून मला मध्येच तोडायची सोय आता तुला राहिलेली नाही.

सुरुवात माझ्या शाळेत झाली, हे तू कधी कबूल केलं नाहीस. परतूरला आमच्या हायस्कुलात विज्ञान प्रदर्शन होतं आणि मी पोरींकडून एक साधा नमुना करून घेतला होता. काळी थाळी, तिच्यात खारं पाणी, वर तिरपी काच. ऊन लागलं की पाण्याची वाफ होते, वाफ काचेला लागून थेंब होतात, थेंब घरंगळून खालच्या पन्हळीत येतात. मीठ, क्षार, सगळी घाण खाली राहते. तू बाजाराच्या दिवशी सहज डोकावला होतास. हात मागे बांधून दोनदा भोवती फिरलास आणि पोरींच्या देखत म्हणालास, "एवढंच व्हय? हे तर सगळं माझ्या दुकानात पडून हाये."

आणि खरंच होतं. आष्टीतल्या तुझ्या भंगाराच्या दुकानात काय नव्हतं! पुढच्या रविवारी आले तर गच्चीवर मोडका फ्रीज आडवा टाकलेला. दार काढलेलं, मशीन आधीच विकलेलं, नुसतं खोकं. "फ्रीज थंडी आत ठेवतो, मंग ऊन बी आतच ठेवंल की," म्हणालास. मी सायन्सची बाई, मला ते सुचलं नव्हतं. एका मोडलेल्या दुकानाच्या शोकेसची काच वर, प्लास्टिकचा पाइप उभा चिरून त्याची पन्हळ, पन्हळीच्या तोंडाशी सरबताची काचेची बाटली. मी विचारलं, "आतून काळं काय लावणार?" तू म्हणालास, "त्याची काळजी तू नको करू."

करायला पाहिजे होती.

रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा. फेकून दिलेल्या पिंपाच्या तळाशी राहिलेलं डांबर खरवडून आणलंस आणि आतून फासलंस. "यापेक्षा काळं जगात काय असतंय?" पहिल्याच दिवशी बाटलीत पाणी जमलं, स्वच्छ, काचेसारखं. ते तू वहिनींना दिलंस आणि फर्मान काढलंस, या पाण्याचा चहा करा. नेमके परतूरचे युसूफभाई काचवाले आलेले. तुझे जिवलग, काच कापावी तर त्यांनी. त्यांनी एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला, गिळला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "भाभी, चाय तो फर्स्ट क्लास है. फक्त याच्यावरून आता गाडी चालवायला पाहिजे."

सगळे हसले. तू तर सगळ्यात जास्त. वहिनी हसल्या नाहीत. पाहुण्यासमोर आपल्या हातचा चहा हसण्यावारी गेला, हे त्या बाईला जन्मात सोसणारं नव्हतं. त्यांनी पातेलं अंगणात नेऊन उपडं केलं आणि परत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून ह्या भंगाराचं पाणी माझ्या चुलीवर चढणार न्हाई. आन् कुणी चढवलं तर मी ह्या घरात राहणार न्हाई." वहिनी एकदा बोलल्या की बोलल्या. हे तू मला शिकवायची गरज नव्हती.

डांबर गेलं. मग टायरचं रबर आलं, त्याचाही वास. मग एकदा तू कुठून तरी सलाईनच्या नळ्या घेऊन आलास, "बघ, बराबर बसतात पन्हळीला," आणि मी त्या तुझ्या हातातून हिसकावून जाळून टाकल्या. कुणाच्या अंगाला लावलेल्या, कसल्या दुखण्यातल्या, काही विचार? दोन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणालास, "तुझं बराबर होतं. पण बोलायची पद्धत न्हाई तुला." त्यानंतर चिप्सच्या पुड्यांचं खूळ. आतली चंदेरी बाजू वर करून पुड्या पुठ्ठ्यावर चिकटवल्यास आणि तो पुठ्ठा पेटीमागे उभा केलास, म्हणजे जास्तीचं ऊन आत पडेल. आख्खी आष्टी तुला पुड्या गोळा करताना बघून हसत होती. पण ऊन पडलं आत. पाणी वाढलं, हे मला मान्य करावं लागलं.

आणि शेवटी घोंगडं.

आपल्या वडिलांचं, आबांचं काळं घोंगडं वहिनींच्या ट्रंकेत होतं. तू ते काढलंस, कात्री घेतलीस आणि मी आडवी येऊन ती हिसकावून घेतली. आबांची आपल्याकडे राहिलेली एकच वस्तू आणि तू तिच्या चिंध्या करणार? किती बोलले मी तुला. तू शांतपणे म्हणालास, "बेबी, आबा असते तर त्यांनीच कात्री दिली असती." आणि ओंजळीची गोष्ट काढलीस. मला ती पाठ होती, तरी तू सांगितलीस. आबा लहान असताना दुसऱ्यांच्या विहिरीवर लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं, खाली आपण ओंजळ धरायची. आबा म्हणायचे, तहानेचं एवढं वाटत नव्हतं. वाटायचं ते ह्याचं, की ओंजळ भरायच्या आतच वरचा हात थांबायचा. रोज. अर्धी ओंजळ.

आबांनी पुढे घर बांधलं तेव्हा भिंतींच्या आधी बोअर घेतला. त्याला पाणी लागलं ते मचूळ, भांड्यावर पांढरा थर धरणारं. पण आपलं होतं. ते कुणाला मागावं लागत नव्हतं म्हणून आबा ते गोड असल्यासारखं प्यायचे. तुझ्या डोक्यात पेटी कुठून आली, माझ्या प्रदर्शनातून की आबांच्या त्या बोअरवरून, हे आता मला कळून काय उपयोग.

मी कात्री दिली. घोंगडं आपण उकळून उकळून वास घालवला, पट्ट्या केल्या आणि फ्रीजच्या तळात अंथरल्या. लोकर पाणी धरून ठेवते, पातळ थर भिजलेला राहतो आणि रंग मुळातला काळा, म्हणजे उतरायची भीती नाही. त्या दिवशी काच आतून अशी घामेजली की तू मला वर बोलावून नुसतं बोटानं दाखवलंस. तुझ्यासारखा बोलका माणूस.

तिथून खरं तर सगळं सुरळीत व्हायला पाहिजे होतं. शेजारच्या अंगणवाडीला पहिली पेटी द्यायची असं तू सेविकेला सांगूनही टाकलं होतंस. तिथं बसणारी लेकरं बोअरचंच पाणी पितात, त्यांच्या दातांवर आत्ताच डाग दिसतात, हे तुला बघवत नव्हतं. मी म्हटलं, देऊन टाक. तू म्हणालास, "थोडं थांब. पेटी गळायलीय."

ती गळती, दादा. तिच्यावरून आपण दोन उन्हाळे भांडलो.

तू दुपारी जेवायला आलास की गच्चीवर जाऊन बाटलीवर खडूनं पाण्याची रेघ ओढायचास. संध्याकाळी दुकान बंद करून आलास की पुन्हा बघायचास. दुपारभर कडक ऊन, म्हणजे पाणी भरपूर चढायला पाहिजे. आणि ते चढलेलं नसायचं. कधी कधी तर रेघेच्या खालीच. तू म्हणालास, दुपारच्या उन्हानं कडेचं रबर फुगतं, जागा सोडतं आणि वाफ निसटते. मी म्हटलं, रबराला काही झालेलं नाही, तुझ्या काचेला उतार कमी आहे, थेंब पन्हळीपर्यंत यायच्या आधीच पुन्हा आत टपकतात. तू म्हणालास, उतार वाढवला तर काच उंच जाते आणि आतली हवाच तापवत बसावं लागतं. मी म्हटलं, पुस्तकात बघ. तू म्हणालास, पुस्तकानं कधी भंगार हाताळलंय? दर रविवारी मी आष्टीला यायची, आपण गच्चीवर उन्हात उभं राहून तावातावानं बोलायचो आणि वहिनी खालून हाका मारायच्या, "जेवायला या, वरण निवायलं."

किती वेळा ती पेटी तू उघडलीस! रबर बदललंस, पुट्टी भरलीस, मेण लावून बघितलंस. एकदा बहुतेक मार्चात, वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी जाफराबादला गेल्या होत्या, तेव्हा तू ट्रॅक्टरच्या ट्यूबची नवीन पट्टी लावलीस आणि महिनाभर पेटी अशी चालली की तू मला फोनवर ओरडून सांगितलंस, "बेबी! गळती बंद! म्या सांगत होतो तुला, रबरच होतं!" मी हार कबूल केली. वहिनी आल्या आणि आठवड्यात गळती पुन्हा सुरू. तू इतका खट्टू झालास. म्हणालास, ट्यूब उन्हानं मेली.

मी शेवटी कंटाळून म्हटलं होतं, "दादा, गळते तर गळू दे. थोडं कमी पाणी मिळेल लेकरांना, पण मिळेल तर." तुझा आवाज चढला. "न्हाई. आपल्या हातून कुणाला अर्धी ओंजळ द्यायची न्हाई, बेबी. द्यायची तर भरून द्यायची."  घरी येताना एसटीत मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते, की अर्धी का होईना, तहान तर भागते ना? ते भांडण माझं अजून संपलेलं नाही.

तू गेलास त्याच्या आदल्या रविवारी फोन केला होतास. मी पेपर तपासत होते, आले नव्हते. म्हणालास, "औंदा गळती काढतोच. उन्हाळा लागायच्या आत. मंग अंगणवाडी." मी म्हटलं, उताराचं बघ. तू हसलास आणि म्हणालास, "तुझं तेच." एवढंच. शेवटचं बोलणं हे असं असतं, कोणी आधी सांगत नाही.

तर आता जलदानाकडे येते.

वहिनी हटून बसल्या. म्हणून मी आणि सुबोध गच्चीवर गेलो. बघतो तर मंडपवाल्यांचा बांबू लागून भिंतीला टेकवलेली काच कोपऱ्यातून तडकलेली. सुबोध कपाळाला हात लावून खाली बसला. मी युसूफभाईंना फोन केला, माप सांगितलं, म्हटलं टेम्पोवाल्याकडं देऊन पाठवा. दोन तासांनी ते स्वतः आले, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, रजईत गुंडाळलेली काच परतूरपासून मांडीवर धरून. गुडघे आखडले होते. म्हणाले, "मिलिंदभाईची काच मी टेम्पोत टाकणार का, बाई?" मग वर येऊन, काच हातात धरून, मला विचारलं, "उतार किती ठेवायचा? तुमचा की त्यांचा?"

आपलं भांडण परतूरपर्यंत पोचलं होतं तर.

"त्यांचा," मी म्हटलं.

काच बसली. सुबोधला खाली लोकांनी बोलावलं, युसूफभाई नमाज पढायला गेले. मी घोंगड्याच्या पट्ट्या भिजवून नीट केल्या आणि कडेचं रबर दाबत सगळीकडून बोटं फिरवायला लागले. गळती शोधत होते. तुला सापडली नाही, निदान मला सापडावी, असं काहीतरी डोक्यात होतं. जलदानाचा रविवार जवळ आला होता, आभाळ भरून येत होतं, अवकाळीचे ढग, ऊन मध्येच येत होतं मध्येच जात होतं. तांब्याभर पाणी तरी निघेल की नाही, याची मला खात्री नव्हती. जलदानात वाटी भरून ओसंडेपर्यंत पाणी ओतायचं असतं. अर्ध्यात थांबलं तर?

वहिनी जिना चढून आल्या. इतक्या वर्षांत पेटीपाशी त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. माझी फिरणारी बोटं बघून म्हणाल्या, "कशाला शोधून राह्यलात, ताई. गळत न्हाई ती."

"म्हणजे?"

"गळत नव्हतीच. म्या पाणी काढत होते."

मला कळेना. त्या खाली बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत एका दमात सांगितलं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. किती शिट्ट्या करा, दाणा कडकच राहतो. एकदा तू दुकानात गेल्यावर त्यांनी गंमत म्हणून पेटीच्या बाटलीतलं पाणी डाळीला घातलं. डाळ लोण्यासारखी शिजली. तू जेवताना म्हणालास, "आज वरण लई मऊ झालंय. डाळ कुठल्या दुकानची?" वहिनी म्हणाल्या, "नेहमीच्याच." सांगायचं कसं? सगळ्यांसमोर शपथ घातली होती, भंगाराचं पाणी चुलीवर चढणार नाही. आणि एकदा खाऊन झाल्यावर पुन्हा कडक डाळ तुझ्या ताटात वाढायला जीव होईना. मग रोजच. तू जेवून रेघ ओढून दुकानात गेलास की त्या वर यायच्या, तांब्याभर काढून न्यायच्या, संध्याकाळच्या वरणाला.

"आज सांगते, उद्या सांगते म्हणत राह्यले," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दोघं गच्चीवर भांडायचात, म्या खाली ऐकायची. आन् जितकं भांडायचात तितकं सांगायला लाज वाटायची. आता म्हणलं, औंदा पेटी अंगणवाडीला जाईल, मंग आपोआप मिटंल. जायच्या आदल्या रात्री बी दोनदा वरण घेतलं त्यांनी."

दादा, मी हसले. मला माफ कर, पण आधी मला हसूच आलं. दोन उन्हाळे, रबर, पुट्टी, मेण, ट्रॅक्टरची ट्यूब, काचेचा उतार, माझं पुस्तक, तुझं "म्या सांगत होतो तुला"! वहिनी जाफराबादला गेल्या तशी गळती बंद झाली आणि आपल्या दोघांच्या शहाण्या डोक्यात उजेड पडला नाही. मी हसतेय म्हटल्यावर वहिनीही हसल्या, तोंडाला पदर लावून. खाली सतरंजीवर बसलेल्या बायांना वाटलं आम्ही रडतोय. एक-दोघी वरही आल्या समजूत घालायला. आणि त्यांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा खरंच तसं झालं.

राग आला नाही असं नाही. रात्री घरी गेल्यावर आला. एक शब्द बोलल्या असत्या तर पेटी कधीच अंगणवाडीत गेली असती. तू समाधानानं गेला असतास. तू गेलास ते आपली पेटी फुटकी आहे असं समजून, आणि हे मला अजून गिळवत नाही. पण मग मी दुसरं आठवते. तुझ्या पाण्याला लोकांनी नावं ठेवली, सुबोधनं जार लावून घेतला, मी चव नाही म्हणून नाक मुरडलं. ते पाणी जिनं रोज मनापासून वापरलं ती एकटी वहिनी. आणि ते पाणी रोज ज्याच्या पोटात गेलं तो एकटा तू. तुझ्या सगळ्या सुधारणांचा निकाल रोज संध्याकाळी तुझ्याच ताटात वाढला जात होता, आणि तू विचारत होतास डाळ कुठल्या दुकानची.

ढग होतेच. तरी घोंगड्यानं काम केलं. ऊन मिळेल तेवढं धरलं, काच सकाळी उशिरा घामेजायची पण घामेजायची. पुड्यांचा पुठ्ठा सुबोध दर थोड्या वेळानं सूर्याकडे वळवत होता, जार लावणारा सुबोध. वहिनींनी त्या दिवसांत बाटलीला हात लावला नाही. घरात वरण कडकच होतं आणि सगळ्यांनी ते तसंच खाल्लं. रविवारपर्यंत तांब्या भरला. काठोकाठ.

बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील घेतलं. तुझ्या फोटोसमोर मेणबत्ती, खाली ताट, ताटात वाटी. वहिनी, सुबोध, लेक आणि मी, चौघांनी तांब्याला हात लावला आणि गाथा चालू असताना पाणी ओतायला लागलो. मी वाटीकडे बघत होते. अर्धी झाली तेव्हा मी तांब्या आणखी घट्ट धरला. मग भरली, मग काठावर थरथरली आणि मग ओसंडून ताटात उतरली, आणि आम्ही ओततच राहिलो. कुणाचा हात थांबला नाही. आबा आठवले. युसूफभाई मागे उभे होते, टोपी हातात घेऊन. नंतर मला म्हणाले, "आवाज ऐकला का बाई, पाण्याचा? खरा आवाज होता." ते पाणी आम्ही मागच्या लिंबाच्या बुंध्याशी घातलं.

अंगणवाडीच्या सेविकाही आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, पेटी या आठवड्यात तुमच्या ओट्यावर येईल. युसूफभाई बसवून देणार आहेत. पिताना थोडं बोअरचं मिसळा, म्हणजे चव येईल. त्यांनी विचारलं, "गळायची म्हणत होते ना?" मी म्हटलं, "नाही. गळत नाही." इतक्या सहज बोलले मी ते, की तूही विश्वास ठेवला असतास. उतार तुझाच ठेवलाय. वाद मात्र मी सोडलेला नाही, लेकरांचं पाणी मोजून मी पुन्हा बोलेन तुझ्याशी.

संध्याकाळी मंडप उतरला, पाहुणे गेले, घरचीच चार माणसं राहिली. वहिनी गच्चीवर जाऊन आल्या. हातात बाटली होती, सगळ्यांच्या देखत. त्यांनी डाळ चुलीवर चढवली आणि कुकर लावला नाही, उघड्या पातेल्यातच शिजवली, मला दाखवायला. मग ताटं मांडली. मी वरणभात कालवला. दाणा बोटाखाली सापडतच नव्हता. माझ्या तोंडात आपोआप तुझं वाक्य आलं, आणि मी ते अडवलं नाही.

"वहिनी, वरण लई मऊ झालंय. डाळ कुठल्या दुकानची?"

त्या वाढता वाढता थांबल्या. पळी हातात तशीच.

"तुमच्या दादाच्या," म्हणाल्या.